पाळ आपली, पाळीही आपली

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा-वीस मिनिटं बोलायला सांगितलं तेव्हा त्यांची कल्पना होती की मी कॉम्प्युटर, मोबाईल किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता यावर बोलेन. मी म्हटलं, "मला मातीच्या धरणांवर बोलायचंय." पलीकडे दोन मिनिटं शांतता. मग प्रश्न आला, "जेवणाआधी की जेवणानंतर?" भरिताचा वास इथपर्यंत येतोय, त्यामुळे मी वेळ पाळणार आहे.

सॉफ्टवेअरवाल्या बाईला धरणाशी काय देणंघेणं, असं कुणालाही वाटेल. माझी पदवी इंजिनिअरिंगची असली तरी सिव्हिलची नाही, हे आधीच सांगते. पण गेली वीस वर्षं माझं जे काम आहे त्याला सोप्या भाषेत देखभाल म्हणतात. लोकांना वाटतं आम्ही रोज नवीन काहीतरी बनवतो. प्रत्यक्षात आमचा बहुतेक वेळ जुनं, चालू असलेलं काम बंद पडू न देण्यात जातो. ज्यांनी ते बनवलं ते निघून गेलेले असतात, कागद सापडत नाहीत, आणि रोज हजारो लोक त्यावर विसंबून असतात. आपल्या तालुक्यातल्या छोट्या तलावांच्या पाळींकडे मी बघते तेव्हा मला हेच चित्र दिसतं. बनवणारे गेले, नकाशे कुठल्या कपाटात आहेत माहीत नाही, आणि खाली वस्ती आहे.

मी कोणत्या धरणांबद्दल बोलते आहे ते स्पष्ट करते. आपल्या अंजनीवरचा मध्यम प्रकल्प, गिरणा, हतनूर, वाघूर यांच्याबद्दल मी बोलत नाही. त्यांना अभियंते आहेत, कर्मचारी आहेत, पाणीपातळीच्या रोजच्या नोंदी आहेत. हतनूरचे किती दरवाजे उघडले हे पावसाळ्यात आपल्याला पेपरात वाचायला मिळतं. मी बोलते आहे ती पाझर तलावांबद्दल, गावतळ्यांबद्दल, नाल्यावर घातलेल्या लहान मातीच्या बांधांबद्दल. ज्यांना दरवाजेच नाहीत. ज्यांचं नाव विचारलं तर गावात "वरचा तलाव" किंवा "नाल्यावरचा तलाव" एवढंच सांगतात.

यातले कितीतरी तलाव १९७२ च्या दुष्काळातले आणि त्यानंतरच्या रोजगार हमीच्या वर्षांतले. आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी, आजी-आजोबांनी त्या कामांवर मातीच्या टोपल्या वाहिल्या आहेत. सुकडी खाऊन दिवस काढल्याच्या गोष्टी आपण घरी ऐकल्या आहेत. त्या पिढीने पोटासाठी जे उभं केलं, त्यावर पुढच्या दोन पिढ्यांच्या विहिरींना पाणी राहिलं. आणि आणखी एक काम हे तलाव गाजावाजा न करता करतात. नाल्याला एकदम लोंढा आला की तो अडवतात, त्याचा जोर मोडतात, आणि पाणी हळूहळू सांडव्यातून पुढे सोडतात. गावाच्या दृष्टीने ते पूरनियंत्रणच आहे. पण त्या पाळींचं वय आता पन्नाशीला आलंय, काहींनी ओलांडलंय. आपल्या वयाची माणसं वर्षातून एकदा रक्तदाब तपासून घेतात. त्या पाळीला शेवटचं कुणी कधी तपासलं?

विज्ञानाच्या बाई इथे बसल्या आहेत, म्हणून मातीचं धरण कसं उभं राहतं ते थोडक्यात सांगते. चुकलं तर बाईंनी कान धरावा. मातीच्या पाळीतून पाणी अजिबात झिरपत नाही, असं कधीच नसतं. चांगल्या पाळीतूनही थोडं पाणी झिरपतं. मधला गाभा काळ्या चिकण मातीचा, त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचं आवरण, पाण्याच्या बाजूला लाटांपासून वाचवायला दगडांचं अस्तर, आणि खालच्या बाजूला पायथ्याशी वाळू-खडीचा निचरा, अशी ही रचना असते. गाभा पाणी अडवतो, जे थोडं येतं ते निचऱ्यातून स्वच्छ बाहेर पडतं. माती जागेवर राहते, पाणी तेवढं निघून जातं. सगळी करामत एवढीच आहे.

बिघडतं ते मुख्यतः दोन प्रकारे. पहिला प्रकार म्हणजे पाणी माथ्यावरून जाणं. सिमेंट-दगडाच्या भिंतीवरून थोडा वेळ पाणी गेलं तर ती बहुधा टिकते, मातीची पाळ टिकत नाही. माथ्यावरून वाहणारं पाणी खालचा उतार कापत जातं आणि काही तासांत खिंडार पडतं. ते होऊ नये म्हणून सांडवा असतो. सांडवा हा तलावाचा सर्वात महत्त्वाचा भाग आहे आणि आपल्याकडे सर्वात दुर्लक्षित. त्यात बाभळी वाढतात, कचरा अडकतो, कुठे कुणी पेरणी केलेली असते, कुठे रस्त्याचा भराव येतो. कागदावर सांडवा तीस मीटर रुंद असेल आणि प्रत्यक्षात दहा मीटरच उघडा असेल, तर ती पाळ दहा मीटरच्या सांडव्याचीच आहे.

दुसरा प्रकार आतून होतो. झिरपणाऱ्या पाण्याबरोबर मातीचे कण निघायला लागतात. कण निघाले की जागा मोकळी होते, तिथून जास्त पाणी येतं, ते आणखी माती नेतं. खालून सुरू झालेली ही नळी वर वर सरकत तलावाच्या पाण्यापर्यंत पोहोचते, आणि मग फार वेळ उरत नाही. घुशी-उंदरांची बिळं, कुजलेल्या झाडाची मुळं, पाणी सोडण्याच्या पाइपाच्या कडेची पोकळी, ही अशा नळीची सुरुवातीची ठिकाणं. आणि आपल्या खानदेशात एक खास धोका आहे. काळी माती उन्हाळ्यात किती भेगाळते ते शेतकऱ्याच्या लेकरांना सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यात तलाव कोरडा पडतो, पाळीला भेगा पडतात, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तलाव एका रात्रीत भरतो. भेगा मिटायला माती ओली होऊन फुगावी लागते, त्याला वेळ लागतो. पाणी तेवढा वेळ देत नाही.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर तिवऱ्याकडे येऊ. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण, मातीचं, बांधून जेमतेम दोन दशकं झालेलं. २ जुलै २०१९ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास ते फुटलं. खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. त्यानंतरची खेकड्यांची चर्चा सगळ्यांना आठवत असेल. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं आणि महाराष्ट्रभर त्यावर विनोद झाले. मला त्या विनोदांचं वाईट वाटतं, कारण त्या हशात खरी गोष्ट बाजूला पडली. गावकऱ्यांनी गळती आधीच पाहिली होती. तक्रारी केल्या होत्या. त्यानंतर डागडुजीही झाली होती. म्हणजे माहिती होती, अर्ज होते, थोडं कामही झालं होतं. मग त्या रात्री काय नव्हतं? "आज पाणी वाढतंय, खालच्या घरांनी बाहेर पडा" हे ठरवण्याची जबाबदारी असलेला आणि तेवढ्यासाठी जागा असलेला माणूस नव्हता.

आमच्या क्षेत्रात याला एक साधा नियम आहे. तक्रार आली की तिला क्रमांक मिळतो आणि एका माणसाचं नाव मिळतं. ती तक्रार कारण लिहून बंद करेपर्यंत उघडीच राहते. नाव नसलेली तक्रार म्हणजे तक्रारच नाही, ती नुसती कुरकुर असते. शंभर माणसांना माहीत असलेली गोष्ट ज्या एका माणसाच्या नावावर नाही, ती गोष्ट कुणाचीच नसते. आणि रात्री दोन वाजता काही बिघडलं तर फोन कुणाला जाईल हे आधी ठरलेलं असतं. त्याची पाळी असते. त्या आठवड्यात तो माणूस फोन उशाशी घेऊन झोपतो.

पाळीची ही पद्धत खानदेशाला नवीन नाही, उलट आपण ती जगाला शिकवावी. पांझरा आणि मोसम नदीकाठची फड पद्धत आठवा. काही शतकं चाललेली ती सिंचनाची व्यवस्था. बंधारा, पाट, फड, सगळं गावाचं. पाणी देणारा पाटकरी वेगळा, राखण करणारा जागल्या वेगळा, भांडण मिटवणारे पंच वेगळे. पाटाची साफसफाई लाभधारक मिळून करायचे. ती टिकली याचं कारण बांधकाम पक्कं होतं एवढंच नाही. रोज तिच्याकडे बघणारा माणूस गावाने नेमलेला होता आणि त्याचा मेहनताना गाव देत होतं. नंतर आपण सरकारी तलाव बांधले, आणि जागल्या मात्र ठेवला नाही.

वेळेचं महत्त्व सांगायला दोन उदाहरणं देते, दोन्ही बाहेरची. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात टेटन नावाचं मोठं मातीचं धरण होतं, नुकतंच बांधलेलं आणि पहिल्यांदाच भरत असलेलं. ५ जून १९७६ रोजी सकाळी खालच्या बाजूला गढूळ पाणी दिसलं आणि दुपारी बाराच्या आत धरण फुटलं. म्हणजे गढूळ पाणी दिसल्यापासून हातात काही तास होते. दिवस होता, माणसं जागेवर होती, खालच्या गावांना इशारा गेला. प्रचंड धरण असूनही मृत्यू अकरा झाले. तिवऱ्याचं धरण त्याच्यापेक्षा खूप लहान, पण रात्र होती. धरणाच्या आकारापेक्षा खालच्या घरांना किती वेळ मिळाला, यावर माणसांचे जीव ठरतात.

दुसरं उदाहरण लिबियातल्या डेर्ना शहराचं. शहरातून जाणारी नदी बहुतेक वर्ष कोरडी, आपल्या नाल्यांसारखी. तिचे अचानक येणारे पूर अडवायला १९७० च्या दशकात वरच्या बाजूला मातीची आणि दगडांची दोन धरणं बांधली. ती खरोखरच पूरनियंत्रणासाठी होती. लोकांना त्यांची सवय झाली आणि शहर नदीच्या पात्राच्या कडेला दाटीवाटीने वाढलं. तिथल्या एका अभ्यासकाने २०२२ मध्ये लिहून ठेवलं होतं की या धरणांची देखभाल तातडीने करा, नाहीतर अनर्थ होईल. सप्टेंबर २०२३ मध्ये डॅनियल वादळाचा पाऊस झाला, एका रात्रीत दोन्ही धरणं गेली आणि हजारो माणसं समुद्रात वाहून गेली. पूर अडवणारं धरण वर्षानुवर्षं लोकांना निर्धास्त करतं, म्हणून ते फुटतं तेव्हा नुसत्या पुरापेक्षा जास्त माणसं मारतं. खालची माणसं तिथे राहायला आलेली असतात ती त्याच्याच भरवशावर.

कुणी म्हणेल, लिबिया कुठे आणि एरंडोल कुठे. तर चाळीसगाव जवळ आहे. ३१ ऑगस्ट २०२१ ला कन्नडच्या घाटात आणि डोंगरावर पाऊस कोसळला आणि तितूर, डोंगरी नद्यांनी चाळीसगावात काय केलं ते तुमच्यापैकी काहींनी स्वतः पाहिलंय. गुरं किती गेली, दुकानांत किती पाणी शिरलं. पाऊस आता असाच पडतो, महिनाभराचा एका रात्रीत. आणि आपले सांडवे पन्नास वर्षांपूर्वीच्या पावसाच्या हिशोबाने बांधलेले आहेत.

कायदा काय म्हणतो? पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं, त्यानंतर देशाला स्वतंत्र धरण सुरक्षा कायदा मिळायला साठ वर्षं लागली. तो २०२१ चा, ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. चांगला कायदा आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची आहे, आपत्कालीन कृती आराखडा करायचा आहे, तो जुन्या धरणांसाठी पाच वर्षांत. आपल्या राज्याची धरण सुरक्षितता संघटना तर नाशिकला त्याआधीपासूनच आहे. पण कायद्यात कोणतं धरण येतं? पायाच्या तळापासून माथ्यापर्यंत पंधरा मीटरपेक्षा उंच. किंवा दहा ते पंधरा मीटर उंच असेल तर लांबी पाचशे मीटर, साठा दहा लाख घनमीटर, अशा काही अटींपैकी एखादी पूर्ण करणारं. आपले बहुतेक पाझर तलाव या चाळणीतून खाली पडतात. शंभर हेक्टरपर्यंतच्या लहान योजना जिल्हा परिषदेकडे असतात. तिथे एका उपअभियंत्याकडे किती तलाव, किती गावं आणि त्यासाठी किती गाड्या, हे तिथे काम करणाऱ्या आपल्या मित्रांना विचारा. त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

आणि लहान म्हणजे किती लहान? दोन लाख घनमीटरचा तलाव घ्या, कायद्याच्या आकड्याच्या पाचवा हिस्सा. त्यात वीस कोटी लिटर पाणी मावतं. दहा हजार लिटरचे वीस हजार टँकर. ते एका तासात नाल्यातून खाली आले, तर नाल्याकाठच्या दहा घरांना तो तलाव कायद्याने लहान होता हे सांगून काय उपयोग?

आता मी त्या मुद्द्याकडे येते, जो मला सर्वात अवघड वाटतो. मागच्या दिवाळीत आपल्या वर्गातल्या एका मित्राच्या गावी गेले होते. तो तिथे सरपंच होता. तलावावर आम्ही फिरायला गेलो. सांडव्याच्या तोंडाशी वाळूच्या गोण्यांचा थर लावलेला होता, दोन-अडीच फूट उंच. मी विचारलं तर तो म्हणाला, "ताई, त्या अडीच फुटात माझ्या गावाचा हरभरा आहे." पुढे म्हणाला, "तू म्हणशील तक्रार कर. तक्रार केली तर साहेब येतील, पाणी कमी करायला सांगतील. रब्बी गेली, विहिरी गेल्या, उन्हाळ्यात टँकर. लोक मला गावात फिरू देतील का?"

त्याचं म्हणणं चुकीचं नाही. आपण पाण्यासाठी तरसलेल्या मुलखातले लोक आहोत. कोकणात पाणी नको झालेलं असतं, आपल्याला ते दोन फूट जास्त हवं असतं. शहरातून येऊन सुरक्षिततेचं व्याख्यान देणं सोपं आहे, कारण माझा हरभरा तिथे नाही. म्हणून मी त्याला उपदेश केला नाही, हिशोब केला. पाळीचा माथा आणि सांडव्याची पातळी यांतलं अंतर म्हणजे पूर आला तर पाणी चढायला ठेवलेली मोकळी जागा. समजा ते अंतर पाच फूट आहे. अडीच फुटांच्या गोण्या लावल्या की निम्मी जागा गेली. हरभरा वाचतो तो दहातल्या नऊ वर्षी. दहाव्या वर्षी मोठा पाऊस आला तर हरभरा, तलाव आणि खालची वस्ती एकदम जाते, आणि पुढे पाळ पुन्हा बांधली जाईपर्यंत विहिरींना पाणी नाही. आम्ही बसून एक मधला मार्ग काढला. गोण्या लावायच्याच असतील तर परतीचा पाऊस ओसरल्यावर, आणि एका ओळीपेक्षा जास्त नाही. दिवाळीनंतरच्या नाल्याच्या वाहत्या पाण्यातून जेवढं साठेल तेवढं. मृगाच्या आधी सांडवा मोकळा. आणि हे सगळं लपून नाही, विभागाच्या अभियंत्याला विचारून, ग्रामसभेच्या वहीत लिहून. तो म्हणाला, "एवढं जमेल." खरं सांगायचं तर सुरक्षिततेची एवढी वाटाघाटच गावात चालते. पूर्ण निर्धोक असं काही नसतं, पण लेखी आणि उघड असं असू शकतं.

त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी दिसल्या, त्या सगळीकडे दिसतील. एक, गाळ काढताना पोकलेन पाळीच्या अगदी लगत फिरलं होतं. गाळ काढणं चांगलंच, शेतात सोनं जातं. पण पाळीपासून लांब, आणि खालचा मुरूम उघडा पडेल इतकं खोल नको. तलावाचा तळ बंद ठेवणारा थर तोच असतो. दोन, खालच्या बाजूला पायथ्याशी रस्त्यासाठी मुरूम उकरलेला. पाळीचा पायथा उकरणं म्हणजे भिंतीला लावलेला टेकू काढणं.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे, आणि तो पैशाचा नाही. आपल्या या तुकडीतले निम्मे लोक अजून तालुक्यात आणि जिल्ह्यात आहेत. शिक्षक आहेत, शेतकरी आहेत, दुकानदार आहेत, दोघे-तिघे सिव्हिल इंजिनिअर आहेत, एक वकील आहे. आपण प्रत्येकाने आपापल्या गावाजवळचा एक तलाव घ्यायचा आणि त्याची वही सुरू करायची. साधी दोनशे पानी वही. वर्षातून दोन फेऱ्या. एक मृग नक्षत्राच्या आधी, तलाव कोरडा असताना, आणि दुसरी दिवाळीनंतर, तो भरलेला असताना. शिवाय मोठा पाऊस झाला की एक फेरी.

वहीत काय लिहायचं? सांडवा किती मोकळा आहे, पावलांनी मोजून. माथ्यावर आणि उतारावर भेगा, खचलेली जागा, बिळं, झाडं. प्रत्येक वेळी त्याच जागी उभं राहून तेच तीन फोटो, म्हणजे फरक डोळ्यांना दिसतो. आणि सर्वात महत्त्वाचं, पायथ्याला झिरपणारं पाणी. त्यासाठी दहा लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ पुरे. बादली भरायला किती सेकंद लागले ते लिहा आणि त्या दिवशी तलावात पाणी कुठपर्यंत होतं तेही लिहा. पाणीपातळी तीच आणि बादली लवकर भरायला लागली, तर काहीतरी बदललंय. तेच पाणी एका पांढऱ्या काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवा. तळाशी माती बसली तर तो धोक्याचा इशारा आहे. त्या दिवशी अर्ज लिहीत बसू नका, फोन करा. कुणी गुराखी येऊन म्हणाला, "पाणी गढूळ ई ऱ्हायनं," तर त्याला हसू नका. टेटनच्या इंजिनिअरांनी त्या सकाळी जे पाहिलं, तेच तो सांगतोय.

काही गोष्टी करू नका, त्याही तितक्याच महत्त्वाच्या. गळती दिसली म्हणून खालच्या बाजूने माती किंवा सिमेंट कोंबू नका. पाण्याची वाट बंद केली की ते आत दाब वाढवतं आणि दुसरीकडून फुटतं. पाणी जाऊ द्यायचं आणि माती अडवायची असते, त्यासाठी वाळू आणि वर खडी घालतात, पण ते जाणकाराच्या देखरेखीखाली. पाळीवरचं जुनं मोठं झाड स्वतःहून तोडू नका, राहिलेलं मूळ कुजून तिथे नळी होते. आपलं काम बघणं, लिहिणं आणि कळवणं. दुरुस्ती इंजिनिअरची.

वहीच्या शेवटच्या पानावर फोन नंबर. तलाठी, ग्रामसेवक, तालुक्याचं लघुसिंचनाचं कार्यालय, तहसील, पोलीस ठाणे. आणि खालच्या वस्तीतल्या प्रत्येक आळीतला एक माणूस. रात्री कोण कुणाला उठवणार, मंदिराचा भोंगा कोण सुरू करणार, मशिदीतून कोण सांगणार, म्हाताऱ्यांना कोण उचलणार, माणसं कुठल्या उंच जागी जमणार. हे पावसाळ्याआधी एकदा चालून बघायचं. पावसात, अंधारात, वीज गेलेली असताना प्रथमच वाट शोधायची वेळ येऊ नये.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. धरण फुटल्याची अफवा धरणापेक्षा वेगाने पसरते. मोबाईलवर कुठला तरी जुना व्हिडिओ फिरतो आणि अख्खं गाव रस्त्यावर. दोनदा अशी हूल उठली की तिसऱ्यांदा खरा इशारा कुणी ऐकत नाही. आमच्या कामात हे रोजचं आहे, फार वेळा खोटी घंटा वाजली की माणूस घंटा बंद करून झोपतो. म्हणून नियम असा ठेवू या. दोन माणसांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय कुठल्याही गटात संदेश टाकायचा नाही. आणि दोघांनी पाहून सांगितल्यावर वाद घालत बसायचं नाही, घर सोडायचं.

अर्ज कसे करायचे, त्यांची पोच कशी घ्यायची, माहितीच्या अधिकारात मागच्या तपासणीचा अहवाल कसा मागायचा, हे आपले वकील मित्र सांगतील. अभियंत्यांकडे आपण आरोपी शोधायला जायचं नाही. तारखांसह नोंदी आणि फोटो घेऊन जायचं. माझा अनुभव असा की नीट नोंद घेऊन आलेल्या माणसाला नाकारणं कुठल्याही कार्यालयाला जड जातं. चांगल्या अभियंत्याला तर अशी वही हवीच असते. निधी मागताना त्याच्या हातात पुरावा येतो.

आपल्या गावाला एकचक्रानगरी म्हणतात. पांडववाडा दाखवताना पाहुण्यांना आपण बकासुराची गोष्ट हमखास सांगतो. गाडाभर अन्न आणि एक माणूस, रोज एका घराची पाळी. लहानपणी मला प्रश्न पडायचा की एवढं मोठं गाव हे का सोसत होतं. आता वाटतं, उत्तर सोपं आहे. आज आपली पाळी नाही, एवढ्यावर लोक झोपत होते. तिवऱ्याची पाळी येऊन गेली. त्यापुढची कुणाची ते आपल्याला माहीत नाही, पण आपण पाळी उलटी फिरवू शकतो. बळी जाण्याची पाळी येण्याआधी पहाऱ्याची पाळी लावून घ्यायची.

जेवणाच्या मंडपाच्या दाराशी एक टेबल आहे. त्यावर वीस कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत. पहिल्या पानावर तीनच रकाने आहेत: तलाव, गाव, आणि जबाबदार व्यक्ती. ज्यांना शक्य आहे त्यांनी जेवून झाल्यावर एक वही उचलावी आणि तिसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव लिहावं. पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असणाऱ्यांनी एखाद्या गावातल्या मित्राशी जोडी लावावी. तो बघेल, तुम्ही दर फेरीनंतर फोन करून विचाराल की बादली किती सेकंदांत भरली. विचारणारं कुणी असलं की बघणारा बघत राहतो. पहिली फेरी येत्या मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी. पुढच्या स्नेहमेळाव्यात आपण फोटोंच्या अल्बमबरोबर या वह्याही मांडू.

सरांनी आणि बाईंनी आपल्याला वहीची पानं नीट ठेवायला, तारीख घालायला आणि समास सोडायला शिकवलं. ती सवय आता कामाला लावू या. जेवायला चला, भरीत गार होतंय.